वायफाय प्रिंटर चालू असूनही कॉम्प्युटरवर ‘ऑफलाइन’ का दिसतो?

लाईट जाऊन आल्यावर किंवा राउटर बंद-चालू केल्यावर हे सुरू झालं असेल, तर बहुतेक वेळा प्रिंटरचा आयपी पत्ता (नेटवर्कवरची त्याची ओळख सांगणारा क्रमांक) बदललेला असतो. राउटर त्याला नवा पत्ता देतो आणि विंडोज मात्र जुन्याच पत्त्यावर कागद पाठवत बसतं. ड्रायव्हर (प्रिंटर चालवणारं सॉफ्टवेअर) काढून परत टाकायच्या भानगडीत लगेच पडू नका.

आधी प्रिंटरच्या मेनूतून नेटवर्कचा रिपोर्ट छापून घ्या. त्यावर पत्ता असतो, समजा १९२.१६८.१.२३. तो १६९.२५४ ने सुरू होत असेल तर प्रिंटरला राउटरकडून पत्ताच मिळालेला नाही. वायफाय पुन्हा जोडा. पत्ता ठीक असेल तर कॉम्प्युटरवर ब्राउझरमध्ये तोच टाका. प्रिंटरचं पान उघडलं, म्हणजे नेटवर्क ठणठणीत आहे आणि घोळ विंडोजमध्ये आहे. मग प्रिंटर प्रॉपर्टीजमधल्या ‘पोर्ट्स’मध्ये जाऊन ‘स्टँडर्ड टीसीपी/आयपी पोर्ट’ नव्याने जोडा आणि हा पत्ता द्या. तरीही ऑफलाइनच दिसला तर त्याच पोर्टच्या सेटिंगमधली ‘एसएनएमपी स्टेटस’ची (विंडोज ज्यातून प्रिंटरची स्थिती विचारतं, ती सोय) खूण काढून बघा. पुष्कळदा गाडी तिथेच अडलेली असते.

पान उघडलंच नाही, तर प्रिंटर आणि कॉम्प्युटर एकाच वायफायवर आहेत ना ते तपासा. गेस्ट नेटवर्कवरची उपकरणं सहसा एकमेकांना दिसत नाहीत. बरेच प्रिंटर फक्त २.४ गिगाहर्ट्झच्या वायफायवरच चालतात, हेही ध्यानात असू द्या.

कायमचा उपाय हवा असेल तर राउटरच्या डीएचसीपी (उपकरणांना पत्ते वाटणारी सोय) सेटिंगमध्ये प्रिंटरच्या मॅक पत्त्यासाठी (उपकरणाचा स्वतःचा ठरलेला क्रमांक) एक आयपी राखून ठेवा.