वाकल्यावर येणारी अंधारी
(वाचकांचे प्रश्न, मेंदूविकारतज्ज्ञांची उत्तरे)

प्रश्न : माझे वय २९ वर्षे असून मी नागपुरात सक्करदऱ्याला राहते आणि शाळेत शिकवते. चार महिन्यांपासून सकाळी उठताना डोके जड असते. खाली पडलेला खडू उचलायला वाकले की दोन-चार क्षण डोळ्यांपुढे अंधारी येते. रात्री उशीवर कान टेकला की नाडीच्या ठोक्याबरोबर घूं-घूं असा आवाज ऐकू येतो. चष्म्याचा नंबर दोनदा बदलला. मेंदूचा एमआरआय ‘नॉर्मल’ आला. दीड वर्षात वजन ११ किलोंनी वाढले आहे. आता डॉक्टर म्हणतात की मेंदूभोवतीचा दाब वाढलेला असू शकतो, म्हणून पाठीतले पाणी तपासावे लागेल. एमआरआय चांगला असताना ही तपासणी हवीच का? पाणी काढल्याने पाठ कायमची अधू होते, असे सासूबाईंचे म्हणणे आहे.

उत्तर : आपल्या पत्रातील वाकल्यावर येणाऱ्या अंधारीचे वाक्य मी दोनदा वाचले. सकाळची डोकेदुखी अर्धशिशीतही असते, त्यामुळे केवळ डोकेदुखीवरून दाबाचे निदान करता येत नाही. परंतु काही क्षणांची अंधारी आणि नाडीच्या तालावर कानात येणारा आवाज ही दोन्ही लक्षणे एकत्र आली, तर ती मनावर घ्यायलाच हवीत.

मोठ्या माणसाची कवटी ही हाडाची बंद पेटी असून तिच्यात मेंदू, रक्त आणि मेंदूजल (मेंदूभोवतीचे पाणी; पाठीतून काढतात ते हेच) एवढ्याच गोष्टी असतात. त्यांपैकी एक वाढली आणि दुसरीने जागा दिली नाही, की दाब वाढतो. एडिंबरा येथील अलेक्झांडर मन्रो यांनी १७८३ मध्ये मांडलेला हा विचार आजही निदानाचा पाया आहे. मेंदूजल एका वेळी सुमारे १५० मिलिलिटर असते, मात्र दिवसभरात सुमारे ५०० मिलिलिटर नवे तयार होते आणि तेवढेच शिरांमधून रक्तात परत जाते. हा निचरा अडला की दाब चढू लागतो. मेंदूची आवरणे दृष्टिनाडीभोवती, म्हणजे डोळ्याला मेंदूशी जोडणाऱ्या नसेभोवती, म्यानासारखी थेट डोळ्यापर्यंत गेलेली असल्यामुळे तो दाब तिथवर पोहोचतो आणि त्या नसेचे डोळ्यातील टोक सुजते. थेंब टाकून बाहुली मोठी केली की तज्ज्ञाला ही सूज दिसू शकते.

म्हणूनच माझा पहिला प्रश्न असा, की नंबर तपासताना कोणी आपल्या डोळ्यांत थेंब टाकून मागची नस पाहिली का? तक्त्यावरची शेवटची ओळ वाचता आली म्हणजे डोळा सुरक्षित आहे, असा समज फार पसरलेला आहे आणि तो घातक आहे. या आजारात समोरची नजर बराच काळ शाबूत राहते आणि दृष्टीचे क्षेत्र कडेकडेने खाल्ले जाते. रुग्णाला ते बहुधा उशिराच कळते. त्यासाठी ‘फील्ड’ची तपासणी करावी लागते, ज्यात समोर टक लावून बसायचे आणि कडेला प्रकाशाचा ठिपका दिसला की बटण दाबायचे असते. मी तर म्हणेन, की पाठीची सुई चार दिवसांनी झाली तरी एक वेळ चालेल, पण डोळ्याची ही तपासणी याच आठवड्यात व्हावी. याची दुसरी बाजूही सांगतो. काहींची नस जन्मतःच उठावदार असते आणि ती सुजल्यासारखी भासते. तेव्हा अनुभवी डोळ्यांनी ती खरी सूज आहे याची खात्री केल्याशिवाय कोणालाही या आजाराचे नाव चिकटवू नये.

आता एमआरआयविषयी. ‘नॉर्मल’ याचा अर्थ गाठ नाही आणि मेंदूतील पोकळ्या फुगलेल्या नाहीत. दाब वाढलेला नाही, असा त्याचा अर्थ होत नाही. उलट, गाठ नसतानाही दाब वाढलेला असणे हाच तर आपल्याबाबत संशय असलेला आजार आहे. बाल्टिमोरचे शल्यविशारद वॉल्टर डँडी यांनी १९३७ मध्ये अशा २२ रुग्णांचे वर्णन करून निदानाच्या कसोट्या सांगितल्या आणि त्यांच्याच सुधारित रूपावर आपण आजही चालतो. डोळ्याचा गोल मागून चपटा होणे, मेंदूच्या तळाशी असलेली पिट्युटरी ग्रंथी दबून तिची खोबण रिकामी दिसणे, अशा बारीक खुणा अहवालात सुटून जाऊ शकतात. त्यामुळे दाबाची शंका चिठ्ठीवर स्पष्ट लिहून फिल्म पुन्हा पाहून घ्यावी. शिरांचा एमआरआय, म्हणजे व्हेनोग्राम, झाला नसेल तर तोही करावा. तो का, हे पुढच्या उत्तरात येईल.

सासूबाईंची भीती मी वर्षानुवर्षे ऐकत आलो आहे आणि ती काळजीपोटी आहे, हे मला ठाऊक आहे. त्यांना एवढे सांगावे, की मज्जारज्जू कमरेच्या पहिल्या-दुसऱ्या मणक्यापाशी संपतो आणि सुई त्याच्या खाली, तिसऱ्या-चौथ्या किंवा चौथ्या-पाचव्या मणक्यांमधून घातली जाते. आपल्याला कुशीवर निजवून गुडघे पोटाशी घ्यायला सांगतील. सुई जागेवर पोहोचली की पाय सैल सोडायचे, कारण पोट आवळलेले असेल तर आकडा खोटाच वाढतो. मग सुईला उभी नळी जोडतात. पाण्यासारखे नितळ द्रव त्या नळीत हळूहळू वर चढते, एका जागी स्थिरावते आणि श्वासाबरोबर किंचित वर-खाली होत राहते. प्रौढ व्यक्तीत ती उंची २५ सेंटिमीटर किंवा अधिक भरली तर दाब वाढलेला मानतात. २० ते २५ च्या मधला आकडा संशयाचा असतो आणि तेथे बाकीच्या खुणांवर भर द्यावा लागतो. नुसत्या आकड्यावरून निदान करू नये. नसेची सूज, निर्दोष एमआरआय आणि पाण्यातील पेशी व प्रथिने योग्य प्रमाणात, हे सर्व जुळावे लागते. सुईनंतर काहींचे डोके काही दिवस दुखते. ते बसल्यावर वाढते आणि आडवे झाल्यावर थांबते. सुईच्या जागी थोडे दुखेल, पण पाठ अधू होईल ही धास्ती मनातून काढून टाकावी.

डॉक्टरांकडे जाताना घेतलेल्या सर्व औषधांची यादी न्यावी. मुरुमांसाठीचे आयसोट्रेटिनॉइन, डॉक्सिसायक्लिन किंवा मिनोसायक्लिन, तसेच अ जीवनसत्त्वाच्या जास्त मात्रा यांनीही दाब वाढतो, आणि मुरुमांची गोळी ही सांगण्यासारखी गोष्ट आहे असे कोणाला वाटतच नाही. निदान पक्के झाले तर असिटाझोलामाइड ही गोळी आणि वजन कमी करणे हे दोन्ही उपाय बरोबर चालतात. अमेरिकेतील एका चाचणीचे निष्कर्ष २०१४ मध्ये प्रसिद्ध झाले. सौम्य दृष्टिदोष असलेल्या रुग्णांत नुसत्या आहारनियोजनापेक्षा त्याला या गोळीची जोड दिल्यावर दृष्टिक्षेत्र अधिक सुधारले. गोळीने बोटांना मुंग्या येतात आणि सोडा बेचव लागतो. म्हणून ती परस्पर बंद करू नये. वजनाबद्दल कोणी आपल्याला दोष देऊ लागले तर तो मनाला लावून घेऊ नये. ते उतरवणे हा उपचार आहे, शिक्षा नव्हे.

प्रश्न : आम्ही काटोलजवळच्या गावात राहतो. मे महिन्यात सून बाळंत झाली. बाराव्या दिवसापासून तिचे डोके असह्य दुखू लागले, उलट्या झाल्या. घरात सगळे बाळंतरोग म्हणत राहिले. तिसऱ्या दिवशी आकडीचा झटका आला, तेव्हा नागपूरला आणले. मेंदूच्या शिरेत रक्ताची गुठळी निघाली. आता ती बरी आहे. हे आधी ओळखता आले असते का?

उत्तर : होय, डोकेदुखीच्या पहिल्याच दिवशी शंका घेता आली असती. बाळंतपणानंतरचे काही आठवडे रक्त गोठण्याची प्रवृत्ती वाढलेली असते. त्यात नवतपा (मेअखेरचे कडक उन्हाचे नऊ दिवस) जवळ आलेला, खोलीची दारे-खिडक्या बंद, आणि बाळंतिणीला पाणी मोजून द्यायची रीत! शरीर कोरडे पडले की रक्त आणखी दाट होते. शीर तुंबली की मेंदूतील रक्ताचा आणि मेंदूजलाचा निचरा अडतो व दाब वाढतो. साध्या सीटी स्कॅनमध्ये अशी गुठळी दिसेलच असे नाही, म्हणून व्हेनोग्राम लागतो. उपचार रक्त पातळ करणाऱ्या औषधांचा असतो. सूनबाईंना पुढे गर्भनिरोधक गोळ्या सुचवल्या गेल्या, तर ही गुठळीची गोष्ट आधी सांगावी. इस्ट्रोजेन असलेल्या गोळ्या त्यांनी टाळाव्यात. आणि घरात पुन्हा पाळणा हलेल तेव्हा बाळंतिणीच्या उशाशी पाण्याचा तांब्या भरलेला असू द्यावा.

प्रश्न : मला दहा वर्षांपासून बीपी आहे. मेंदूचा दाब म्हणजे तेच का? — एक ज्येष्ठ वाचक, महाल, नागपूर

उत्तर : नाही, बीपी हा धमन्यांतील रक्ताचा दाब. मात्र तो अतोनात वाढला तर डोळ्याची नस तशीच सुजू शकते, म्हणून अशा प्रत्येक रुग्णाचे बीपी आधी मोजावे लागते. आपल्या बाबतीत सांगायचे तर, अचानक आलेल्या तीव्र डोकेदुखीबरोबर ग्लानी, वारंवार उलट्या, झटका, एका बाजूची कमजोरी किंवा एकाचे दोन दिसणे यांपैकी काहीही आढळले, तर दुसऱ्या दिवसाची वाट न पाहता घरच्यांनी आपल्याला नागपुरातील मेडिकल किंवा मेयो या सरकारी रुग्णालयांच्या कॅज्युअल्टीत आणावे, आणि रोजच्या गोळ्यांची पाकिटे बरोबर ठेवावीत.