भाचरांसाठीच जन्मलेला मामा?

पत्र: माझा धाकटा भाऊ 31 वर्षांचा. आपण गे आहोत हे त्यानं फक्त मला सांगितलंय. आम्हा दोघांच्या मध्ये दोन भाऊ आहेत. आईला कळलं तर ‘हे निसर्गाविरुद्ध’ म्हणेल. भाचरांना सांभाळायला निसर्गच असे मामा घडवतो, असं वाचलं. माझ्या मुलांचं तो सगळं करतो, म्हणून पटलं. आईला हेच सांगू का? – एक बहीण, सांगली

ताई, हे सांगू नका. कल्पना शास्त्रज्ञांचीच आहे, पण हिशेब जमत नाही. स्वतःच्या मुलात आपली निम्मी जनुकं असतात, भाच्यात सरासरी पाव. म्हणजे न झालेल्या एका मुलाच्या बदल्यात, एरवी जगलीच नसती अशी दोन भाचरं मामाच्या मदतीनं जगायला हवीत. सामोआ बेटांवर पुरुषांकडे ओढ असणाऱ्या ‘फाआफाफिने’ व्यक्तींमध्ये भाचरांकडे लक्ष देण्याची वृत्ती इतर पुरुषांपेक्षा जास्त आढळली खरी. पण अमेरिका, ब्रिटन, जपानमधल्या गे पुरुषांत तसा फरक दिसला नाही.

शिवाय या कल्पनेत तुमच्या भावाचं असणं मुलांच्या उपयोगावर टांगलं जातं. उद्या त्यानं जोडीदाराबरोबर वेगळं घर केलं, मुलांची फी भरणं थांबवलं, तर?

मग कुणी गे का असतं? 2019 मध्ये पावणेपाच लाखांहून अधिक लोकांच्या जनुकांचा अभ्यास झाला. त्यात एकच असं ‘गे जनुक’ सापडलं नाही. अनेक जनुकांचा थोडाथोडा वाटा दिसला. दुसरा धागा जन्मक्रमाचा. प्रत्येक सख्ख्या थोरल्या भावामागे धाकट्यानं गे असण्याची शक्यता साधारण एक तृतीयांशानं वाढते, असं बऱ्याच पाहण्यांत आढळलं. मुळात ती दोन टक्के धरली, तर तिसऱ्या मुलासाठी साडेतीन. म्हणजे शंभरातले शहाण्णव तिसरे मुलगे गे नसतातच. यामागे गरोदरपणी आईच्या शरीरात तयार होणारी प्रतिपिंडं असावीत, असा अंदाज आहे. हे मात्र आईंना मुळीच सांगू नका. त्या दोष स्वतःकडे घेतील, आणि दोष इथे कुणाचाच नाही.

‘निसर्गाविरुद्ध’ला उत्तर सोपं आहे. पाळीव मेंढ्यांतले सुमारे आठ टक्के नर, मादी समोर असतानाही नरच निवडतात.

पण मुळात आईंना सांगायचं की नाही, हे भावानं ठरवायचं. आधी त्याला तीन गोष्टी विचारा: सांगायचं का, कुणी, आणि कधी. लग्नसराईत, स्थळ दाखवायच्या दिवशी किंवा पाहुणे असताना नको. आई चिडल्या तर चार दिवस तुमच्याकडे त्याची सोय ठेवा. तोवर स्थळांचा विषय ‘त्याला सध्या लग्न करायचं नाही’ एवढ्यावर थांबवा. खोटी कारणं रचलीत तर पुढे तीच निस्तरावी लागतील.

कुणी ‘बरं करणारा’ डॉक्टर सुचवला तर ठाम नकार द्या. अशा उपचारांना राष्ट्रीय वैद्यकीय आयोगानं 2022 मध्ये व्यावसायिक गैरवर्तन ठरवलंय. महाराष्ट्र वैद्यक परिषदेकडे तक्रार करता येते.