पाजणं आणि निजवणं वेगळं करताना
अगं, बाळ दूध पितापिताच झोपतं, ती सवय मोडायला रात्रीचं पाजणं बंद करू का, असं विचारतेस ना? बाळ 4 महिन्यांचं आहे, रात्रीचं पाजणं तोडायची घाई आत्ता नकोच. पहिले 6 महिने फक्त आईचंच दूध. शिवाय प्रोलॅक्टिन, म्हणजे दूध तयार करायला लावणारं हार्मोन, रात्री जास्त असतं, त्या पाजण्याने तुझं दूध टिकायला मदत होते. बदलायचा तो फक्त क्रम. अंग पुसून, लंगोट बदलून, दिवा चालू असतानाच पाज. मग ढेकर, मग अंगाई, आणि डोळे जड झाले पण मिटले नाहीत तोवर पाळण्यात उताणं ठेव. कुरकुरलं तर थोपट. रडं थांबेना तर खुशाल उचल, त्याने सवय बिघडत नाही. मध्यरात्री मात्र मंद उजेड, गप्पा नाहीत. घरचे म्हणतील, दूध पुरत नाही, पावडर दे. दिवसाला सहाएक लंगोट ओले होतायत, वजन वाढतंय ना? मग पुरतंय.