लेकीला स्पंजवर काम करायचंय, पुढे पोटापाण्याचं काय?

ताई, नमस्कार. तुमचं पत्र नीट वाचलं. लेक बीएस्सी झूलॉजीच्या शेवटच्या वर्षाला आहे, तिला पुढे स्पंजवरच काम करायचंय, आणि घरात सगळ्यांना प्रश्न पडलाय की ज्याला ना मेंदू ना हृदय ना हातपाय अशा प्राण्यात आयुष्य कशाला घालवायचं. वर तीच सांगते की तिच्या पुस्तकात स्पंजचे तीन वर्ग दिलेत आणि नवीन लिखाणात चार, म्हणून तुम्ही विचारताय की ज्या विषयाचं अजून वर्गीकरणच ठरेना त्यावर पोट कसं भरणार. शिवाय तिला पोहता येत नाही ही काळजी वेगळीच.

माझं मत आधीच सांगून टाकते. करू द्या. फक्त नुसती टॅक्सॉनॉमी, म्हणजे जाती ओळखून त्यांचं वर्गीकरण करणं, शिकून तिने बाहेर पडू नये, जोडीला दुसरं एक काम पक्कं यायलाच हवं. का ते सांगते.

मेंदू नाही, हृदय नाही हे खरंय, पण म्हणूनच तर लोक यांच्या मागे लागलेत. स्पंजच्या अंगावर बारीक बारीक छिद्रं असतात, त्यातून पाणी आत येतं, कॉलर पेशी आपल्या शेपटीसारख्या केसाने ते ढकलत राहतात, त्यातले बॅक्टेरिया वगैरे गाळून खातात आणि उरलेलं पाणी मोठ्या तोंडातून बाहेर. एवढ्यावर हा प्राणी रोज स्वतःच्या आकारमानाच्या हजारो पट पाणी गाळतो. 1907 मध्ये एच. व्ही. विल्सन या प्राणीशास्त्रज्ञाने जिवंत स्पंज बारीक कापडातून पिळून त्याच्या पेशी सुट्या केल्या, तर त्या पेशी परत एकमेकींना शोधून चिकटल्या आणि त्यातून पुन्हा स्पंज तयार झाला. एक पेशी दुसरीला ओळखते कशी, एकपेशीय जिवांपासून अनेक पेशींचं शरीर झालं कसं, हे प्रश्न विचारायचे तर स्पंजकडे यावंच लागतं. ग्रेट बॅरिअर रीफवरच्या अँफिमेडॉन क्वीन्सलँडिका या स्पंजचा जीनोम, म्हणजे त्याचा सगळा डीएनए वाचून, 2010 मध्ये आला, तेव्हापासून या बाजूला मॉलिक्युलरवाल्यांची, म्हणजे डीएनएवर काम करणाऱ्यांची, गर्दी वाढलीय. प्राण्यांच्या उत्क्रांतीच्या झाडावर सगळ्यात पहिली फांदी स्पंजची की कंगवाधारी जेलींची, म्हणजे टीनोफोरांची, हा वाद अजून चालू आहे आणि चांगला जोरात चालू आहे.

आता तीन आणि चारचं. जुन्या पुस्तकातले तीन म्हणजे कॅल्केरिया, ज्यांचे काटे (सांगाड्याच्या बारीक सुया) चुन्याचे, हेक्झॅक्टिनेलिडा म्हणजे काचेचे स्पंज, ज्यांचे काटे सिलिकाचे आणि सहा टोकांचे, आणि डेमोस्पंजी, ज्यात ऐंशी टक्क्यांहून जास्त जाती येतात. चौथा वर्ग होमोस्क्लेरोमॉर्फा. ही मंडळी आधी डेमोस्पंजीतच धरायचे, पण यांच्या पेशींच्या थराखाली नीट आधारपटल, म्हणजे पेशींना आधार देणारा पातळ पडदा, असतं, डीएनएसुद्धा वेगळी गोष्ट सांगतो, म्हणून 2012 मध्ये रीतसर वेगळा वर्ग झाला. यातल्या ऑस्करेलाला तर काटेच नसतात. 1862 मध्ये ऑस्कर श्मिटने यातली एक जात हालिसार्का या नावाखाली लिहून ठेवली, कारण हालिसार्कालाही काटे नाहीत, दोन्ही मऊ लिबलिबीत. आज ते दोघं वेगवेगळ्या वर्गात आहेत! आणि 1970 मध्ये स्क्लेरोस्पंजी नावाचा एक अख्खा वर्ग मांडला गेला, चुन्याचा घट्ट पाया असलेल्या स्पंजांचा, नंतर लक्षात आलं की तो पाया वेगवेगळ्या घराण्यांत आपापला तयार झालेला आहे, आणि वर्ग मोडला. एकट्या डेमोस्पंजीचे गण, म्हणजे वर्गाच्या खालचे गटसुद्धा 2015 मध्ये नव्याने लावावे लागले, बावीस गण झाले.

तुम्हाला हे अस्थिर वाटतं ते मी समजू शकते, पण नोकरीच्या नजरेने बघा ना. नाव दिलेल्या जाती नऊ हजारांहून जास्त आहेत, नाव न दिलेल्या म्युझियमच्या बरण्यांमध्ये पडून आहेत आणि समुद्रात तर आहेतच, आणि जी नावं दिलीत त्यातलीही कितीतरी तपासून बघायची राहिलीत. ज्यात सगळं ठरून गेलंय तिथे नवीन माणसाला करायला काय उरतं? इथे नवीन माणूस लागतो, आणि खरंच लागतो.

पण हे काम तिला आवडेल का, हे पुस्तक वाचून कळणार नाही. म्हणून ॲडमिशनचा फॉर्म भरण्याआधी तिने एक काम हाताने करून बघावं. कॉलेजच्या लॅबमध्ये शिक्षकांना विचारून, जपून ठेवलेल्या स्पंजचा तांदळाच्या दाण्याएवढा तुकडा घ्यायचा, टेस्ट ट्यूबमध्ये ब्लीच घालून ठेवायचा. मांसल भाग विरघळून जातो आणि काटे, म्हणजे स्पिक्युल, तळाला बसतात. वरचं पाणी हलक्या हाताने काढायचं, साधं पाणी घालायचं, परत बसू द्यायचं, असं तीन-चारदा, शेवटी अल्कोहोल, मग एक थेंब स्लाइडवर. घाई केली की बारीक काटे पाण्याबरोबर वाहून जातात आणि बऱ्याचदा ओळख त्या बारीक काट्यांवरच अवलंबून असते. मायक्रोस्कोपखाली दोन्ही टोकं अणकुचीदार असलेले दिसतील, टाचणीसारखं डोकं असलेले दिसतील, तीन फाट्यांचे, चांदणीसारखे, इंग्रजी सी सारखे वाकडे. प्रत्येक प्रकारचे पंचवीस-तीस काटे निवडून लांबी-रुंदी मोजायची आणि लिहायची. मध्येच एखादा तुटका, वेगळाच काटा दिसतो, तो शेजारच्या दुसऱ्या स्पंजचा असू शकतो, कारण स्पंज बाहेरचे कणही अंगात धरून ठेवतात, म्हणून एकच दिसला तर त्यावर विश्वास ठेवायचा नाही. चुन्याचा आहे का बघायला वेगळ्या, धुतलेल्या तुकड्यावर सौम्य ॲसिडचा थेंब टाकतात, बुडबुडे आले की बहुधा कॅल्केरिया. आणि हे तिला आवर्जून सांगा: ब्लीच आणि ॲसिड चुकूनही एका भांड्यात नाही, विषारी क्लोरीन निघतो.

असं दहा-बारा नमुन्यांचं केलं आणि तिला अजून करावंसं वाटलं तर समजा पोरगी या कामाची आहे. कंटाळली तरी काही बिघडलं नाही, स्पंजचं सगळंच काम काट्यांचं नसतं.

आता जोडीच्या कामाचं. फक्त ओळख पटवणाऱ्या माणसासाठी कायमच्या जागा जगात कुठेही थोड्याच आहेत, हे मी तुमच्यापासून लपवणार नाही. म्हणून डीएनएचं काम किंवा केमिस्ट्री किंवा डेटा, यातलं एक तरी तिने एमएस्सीतच धरावं. डीएनए धरला तर तिला लगेच कळेल की बाकी प्राण्यांमध्ये ओळखीसाठी जो सीओआय जीन सर्रास वापरतात तो स्पंजमध्ये फार हळू बदलतो, जवळच्या जाती वेगळ्या करायला अनेकदा कमी पडतो, मग 28एस वगैरे दुसरे जीन सोबत घ्यावे लागतात. म्हणजे मशीन आहे म्हणून काटे बघणारा माणूस नको असं होत नाही, दोन्ही येणारा माणूस मात्र पटकन निवडला जातो.

केमिस्ट्रीची बाजू तर घरच्यांना समजायला सगळ्यात सोपी. 1950 च्या दशकाच्या सुरुवातीला वर्नर बर्गमन या केमिस्टला एका कॅरिबियन स्पंजात वेगळ्याच घडणीचे न्यूक्लिओसाइड, म्हणजे डीएनएच्या घटकांसारखे रेणू, सापडले, त्या धाग्यावरून पुढे सायटाराबिन हे औषध तयार झालं, 1969 मध्ये अमेरिकेत मान्यता मिळाली आणि ल्युकेमियावर ते आजही वापरतात. एरिब्युलिन हे ब्रेस्ट कॅन्सरचं औषध 2010 मध्ये आलं, त्याचं मूळ हॅलिकॉन्ड्रिया ओकाडाई या जपानी स्पंजात सापडलेल्या रेणूत. असा रेणू एक टन स्पंजातून काहीशे मिलिग्रॅम मिळतो, म्हणून औषध लॅबमध्ये बनवावं लागतं. पण आधी तो स्पंज नेमका कुठला हे कुणीतरी बरोबर सांगावं लागतं. बरणीवर नाव चुकीचं असेल तर केमिस्टला तोच रेणू परत मिळवायला भलत्याच स्पंजामागे फिरावं लागतं. कित्येकदा तर रेणू स्पंज बनवत नाही, त्याच्या अंगातले बॅक्टेरिया बनवतात, म्हणजे मायक्रोबायॉलॉजीवालेही आले कामात. मटेरियल सायन्सवालेही येतात, कारण युप्लेक्टेला या काचेच्या स्पंजाचे तळाशी रोवलेले काटे ऑप्टिकल फायबरसारखा प्रकाश वाहून नेतात हे 2003 मध्ये दाखवलं गेलंय.

बाकी जागा म्हणाल तर म्युझियमचं कलेक्शन सांभाळणं, समुद्रात काही बांधायच्या आधी होणारे पर्यावरण सर्व्हे, राखीव सागरी क्षेत्रांची पाहणी, औषध शोधणाऱ्या लॅब आणि अध्यापन. पीएचडीची वर्षं धरून चाला, तोपर्यंत फेलोशिपवर राहावं लागतं, पैसे बेताचे असतात आणि प्रोजेक्ट संपला की पुढचा शोधावा लागतो. घरी तिच्या पगारावर लगेच काही अवलंबून असेल तर तिच्याशी आत्ताच मोकळं बोला, नंतर नको.

पोहण्याची काळजी सोडा. डायव्हिंग येत असेल तर चांगलंच, पण खोल समुद्रातले नमुने जाळ्याने किंवा रिमोटच्या यंत्राने येतात आणि ओळखीचं बहुतेक काम टेबलावर बसून होतं. शिवाय गोड्या पाण्यातही स्पंज असतात, स्पंजिलिडी कुलातले, त्यांच्या जेम्युल नावाच्या गाठी सुक्या दिवसांत तग धरून राहतात. गुडघाभर पाण्यात उतरूनही पीएचडी होऊ शकते.

गाइड निवडताना तिने तीन गोष्टी विचाराव्यात. त्यांच्याकडे ओळख पटवलेलं कलेक्शन आहे का, नमुने कशात ठेवतात (फॉर्मलिनमध्ये असतील तर डीएनएचं काम अवघड आणि चुन्याचे काटेही झिजतात, अल्कोहोल हवं), आणि आधीचे विद्यार्थी आज कुठे आहेत. तिसऱ्या प्रश्नाला टाळाटाळ झाली तर दुसरा गाइड बघा, गाइड कितीही नावाजलेला असला तरी. मेल लिहिताना मार्कशीटबरोबर मोजमापांच्या वहीची दोन पानं आणि स्लाइडचे फोटो जोडायला सांगा, कारण मार्क सगळेच पाठवतात आणि हे फारसं कुणी पाठवत नाही.