लाल दिवा आणि फायबरचं टोक

प्रश्न : खांबावरून घरात फायबरची चपटी केबल घेतली आहे. पाऊस-वारा झाला की मोडेमचा ‘एलओएस’ (सिग्नल तुटल्याचा) दिवा लाल होतो. माणूस येऊन कनेक्टर बदलतो, पंधरा दिवस चालतं, पुन्हा तेच. केबलच नवी टाकावी का? (एक वाचक, गुहागर)

उत्तर : एवढी घाई नको. आधी भिंतीवर केबल कशी बांधली आहे ते बघा. तिच्या एका कडेला पोलादी तार असते. सगळा ताण तिनेच सोसायचा. ती सोलून वेगळी करून हुकाला क्लॅम्पने अडकवायची असते. बऱ्याच घरांत केबल नुसती खिळ्याला गुंडाळलेली दिसते. मग वाऱ्याचा हिसका थेट फास्ट कनेक्टरपर्यंत, म्हणजे केबलच्या टोकाला जागेवरच बसवलेल्या कनेक्टरपर्यंत पोचतो. या कनेक्टरच्या आत कारखान्यातच घासलेला फायबरचा छोटा तुकडा असतो आणि आपलं फायबर जेलमध्ये त्याला टेकतं. केसभर मागे सरकलं की सिग्नल पडला.

कनेक्टर नव्याने बसवताना शेजारी उभे राहा. आवरण सुमारे ५ सेंमी सोलतात. नेमकं माप कनेक्टरसोबतच्या पट्टीवर असतं. २५० मायक्रॉनचा लेप काढला की १२५ मायक्रॉनची काच उरते. ती आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसायची आणि मग क्लीव्हरने (फायबर सरळ कापायच्या हत्याराने) कापायची. कापल्यानंतर पुसलं, तर टोकाला कचरा चिकटलाच म्हणून समजा. आत सरकवल्यावर फायबर मागच्या बाजूला किंचित कमानीसारखं उचललेलं दिसायला हवं. कमान नाही म्हणजे ते टेकलेलं नाही. काचेचे तुकडे चिकटपट्टीवर गोळा करा. पायात घुसले तर दिसतही नाहीत.

जुना कनेक्टर उघडून पुन्हा वापरू देऊ नका, जेलमध्ये धूळ गेलेली असते. खरं तर कोकणात पिगटेल (कारखान्यातच कनेक्टर बसवलेला फायबरचा तुकडा) स्प्लाइस करून, म्हणजे वितळवून जोडून घेणंच बरं. नीट केलेल्या जोडात सिग्नलची हानी ०.१ डेसिबलच्या आत राहते. फास्ट कनेक्टर ०.३ ते ०.५ सहज खातो.

शेवटी प्रकाशाची ताकद मोजणारा मीटर लावायला सांगा. बी-प्लस वर्गाच्या जीपॉन (घरगुती फायबरची एक पद्धत) मोडेमची मर्यादा उणे २७ डीबीएम (सिग्नलच्या ताकदीचं माप); त्याखाली सिग्नल पकडला जाईलच असं नाही. कोरड्या दिवशीच उणे २६ दाखवत असेल, तर दुखणं घराबाहेर, वरच्या जोडांत किंवा स्प्लिटरपाशी (एक फायबर अनेक घरांत वाटणाऱ्या डबीपाशी) असू शकतं. आणि केबल भिंतीत शिरण्याआधी खाली झोळ ठेवा, नाहीतर पाणी तिच्यावरून थेट घरात येतं.

प्रश्न : हिरवा कनेक्टर निळ्या सॉकेटात बसतो. चालेल का?

उत्तर : बसतो, पण लावू नका. हिरव्याचं टोक ८ अंश तिरपं घासलेलं असतं, निळ्याचं नसतं. मध्ये फट राहते आणि सिग्नल तिथेच सांडतो.