विकू दे त्यांना ज्वारी

प्रिय पोरी,

दक्षिण सुदानातल्या बेन्तियूहून लिहिलेलं तुझं पत्र मिळालं. तुम्ही मदत म्हणून वाटलेली ज्वारी दुसऱ्याच दिवशी बाजारात बघून तुझं मन उडालं, परत यावंसं वाटतंय म्हणतेस. मला आधी तुझा रागच आला. औशाकडची पोर तू. रास झाली की पहिली पोती अडत्याकडे जातात, हे तुला मी सांगायचं? तेल, मीठ, वह्या, दवाखाना, आपल्याकडे हे कशातून भागतं?

अख्खी ज्वारी कोण खातं? दळायला पैसे लागतात. दक्षिण सुदानात शिध्यातलीच थोडी विकून लोक दळणाचे पैसे देतात, म्हणून तर काही ठिकाणी दळणाची कुपनं द्यावी लागली. 2013 मध्ये यादवी पेटली आणि घरदार, गुरंढोरं गेली. या पोत्यातलं किती खायचं नि किती विकायचं, एवढंच त्यांच्या हातात उरलंय. तेही काढून घेणार? ज्याचं त्याला ठरवू दे.

किल्लारीच्या भूकंपानंतर 52 गावं नव्या जागी वसवली. सरळ रस्ते, ओळीने घरं. पण कडबा कुठे रचायचा, म्हैस कुठे बांधायची, हे बाईमाणसाला कुणी विचारलंच नाही. जिथे घरं जागेवरच दुरुस्त करायची होती त्या गावांत मात्र पैसे घरमालकाच्या खात्यावर आले. तिथे बायका संवाद सहायक झाल्या, म्हणजे गाव आणि सरकार यांच्यातला दुवा; त्यात मीही होते. भिंतीच्या दोन्ही बाजू बांधून ठेवणारे आरपार दगड घातलेत का, हे त्या गवंड्याला उभं करून विचारायच्या. आपल्या पैशाचं काम होतं, म्हणून विचारायच्या!

मी श्रीलंकेत कामाला होते, तिथेही तेच. 2009 ला युद्ध संपलं, पुढे भारत सरकारने 50,000 घरांची योजना आणली. बहुतेक घरांचे साडेपाच लाख श्रीलंकन रुपये हप्त्याहप्त्याने कुटुंबाच्याच खात्यात जायचे. किलिनोच्चीकडच्या एका विधवेने पहिल्या हप्त्यातून आधी विहीर उपसून घेतली. वरिष्ठ म्हणाले, ‘गैरवापर’ लिहा. मी लिहिलं नाही. पाण्यावाचून सिमेंट कशात कालवायचं होतं तिने? पुढे माझा करार वाढवला नाही. घरचे अजून म्हणतात, एका शब्दाने काय बिघडलं असतं? बिघडलं असतं. तिचा पुढचा हप्ता अडला असता. तिच्या घरावर कौलं चढलेली मला बघता आली नाहीत, ही हळहळ आहेच. पण तो शब्द मी आजही लिहिणार नाही, आणि तूही लिहू नकोस. ज्याचं त्याला ठरवू दे, दहादा सांगेन.

जेवतेस ना नीट? तापाकडे दुर्लक्ष करू नकोस, तिकडे मलेरिया फार.

राजीनामा राहू दे. आधी गिरणीवर जा, दळणाचा दर विचार. मीठ, साबण, सरपण यांचे भाव लिहून घे. महिन्याच्या शिध्यातलं किती दळणातच जातं, याचा हिशेब त्या बायकांसमोर बसून मांड आणि तोच अहवालात घाल. वरून कुणी ओरडलं तर माझं नाव सांग.

तुझी,
ताई