लघवीची नळी लावलेल्या वडिलांना परभणीहून छत्रपती संभाजीनगरला न्यायचं आहे. चार-पाच तासांच्या प्रवासात नळी आणि पिशवी कशी सांभाळावी?

रस्त्यातल्या खड्ड्यांपेक्षा पेशंटला उचलताना जास्त जपा. नळीच्या आतल्या टोकाला साधारण १० मिली पाण्याचा फुगा मूत्राशयात फुगवलेला असतो. पिशवी कॉटलाच अडकलेली राहिली आणि चौघांनी चादरीसकट पेशंट उचलला, की तो फुगलेला फुगा मूत्रमार्गात ओढला जातो आणि रक्त सुरू होतं. म्हणून एक माणूस फक्त पिशवीसाठी ठेवा. "पिशवी माझ्या हातात आहे" असं तो म्हणेपर्यंत चादरीला कुणी हात लावायचा नाही.

निघताना खालची तोटी उघडून पिशवी रिकामी करा. युरोबॅग, म्हणजे ही लघवीची पिशवी, २००० मिलीची असते, भरली की दोन किलो वजन नळीला लोंबकळतं. वाटेतही निम्मी भरली की रिकामी करायची. आधी आणि नंतर हात धुवा. नळी आणि पिशवी यांचा वरचा जोड मात्र सोडायचा नाही, तिथून जंतू आत जातात.

नळी मांडीला चिकटवलेली आहे ना, ते बघा. नसेल तर मांडीच्या वरच्या भागावर आधी एक चिकटपट्टी लावा. दुसरी नळीभोवती गुंडाळून तिची टोकं पहिलीवर चिकटवा. पाय सरळ केला तरी ताण येणार नाही इतकी ढील हवी. फुग्यात पाणी भरायच्या तोंडावर चिकटपट्टी येऊ देऊ नका.

ॲम्ब्युलन्सचं स्ट्रेचर आत ढकलताना त्याचे पाय दुमडतात आणि खाली लोंबणारी नळी त्यात हमखास सापडते. तेवढ्यापुरती रिकामी पिशवी पेशंटच्या दोन्ही पायांमध्ये ठेवा, पोटावर नको. पोटावर ठेवली तर पिशवीतली लघवी उलट आत जाऊ शकते. आत गेल्यावर लगेच स्ट्रेचरच्या फ्रेमला खाली अडकवा. वर-खाली होणाऱ्या कठड्याला नको आणि सलाईनच्या स्टँडला तर अजिबात नको. साध्या गाडीत मागच्या सीटवर झोपवणार असाल, तर पिशवी सीटच्या खालच्या पातळीला, स्वच्छ टबमध्ये तोटी वर ठेवून. तोटी टबच्या तळाला टेकू द्यायची नाही.

गाडीत सांडू नये म्हणून कुणी नळी दुमडून दोऱ्याने बांधतात. असं करू नका. मूत्राशय तुडुंब भरतं, पेशंट तळमळतो, लघवी नळीच्या कडेने गळते. मणक्याला मार लागलेल्या पेशंटचं तर बीपी एकदम वर जाऊ शकतं.

पिशवी भरेल म्हणून पाणी तोडणंही चुकीचं, मराठवाड्यातल्या उन्हाळ्यात तर फारच. डॉक्टरांनी बंधन घातलं नसेल तर घोट-घोट देत राहा. मोठ्या माणसाला तासाला वजनाच्या किलोमागे अर्धा मिली, म्हणजे ६० किलोच्या माणसाला ३० मिली तरी लघवी व्हायला हवी. तास-दीड तासात पिशवीत थेंबही आला नाही, तर आधी नळी कुठे पिळली किंवा मांडीखाली दबली आहे का ते पाहा. बहुतेक वेळा तेच असतं. नळी सरळ करूनही लघवी येत नसेल, ओटीपोट फुगलं असेल, किंवा गाठी पडून लालभडक रक्त येत असेल, तर संभाजीनगरची वाट न पाहता जिंतूर, मंठा, जालना, जे जवळ असेल तिथल्या सरकारी दवाखान्यात न्या. १०८ ला फोन करता येतो.

नळी अर्धवट बाहेर आली तर परत आत सरकवायची नाही आणि ओढायचीही नाही. पूर्ण निघाली तरी परत घालायची नाही. स्वच्छ कापड दाबून धरा, आणि निघालेली नळी वेगळ्या पिशवीत घालून डॉक्टरांना दाखवा. फुगा अख्खा आहे का, ते त्यांना बघावं लागतं. नळी पोटातून घातलेली असेल तर जास्त घाई करा, कारण ते छिद्र लवकर बुजतं.

पोचल्यावर सिस्टरना सांगायला एका कागदावर लिहून ठेवा: नळी कोणत्या तारखेला घातली, कितव्या नंबरची, फुग्यात किती मिली पाणी आहे आणि वाटेत किती वाजता किती मिली लघवी ओतली.